सर्जिकल वॉर्डात नवीन आहात? ऑपरेशनच्या पेशंटचा बेडसोर भरवशानं कसा हाताळायचा

कोर्स संपला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार नाहीतर भुसावळ-चाळीसगावकडच्या एखाद्या हॉस्पिटलात सर्जिकल किंवा ऑर्थो वॉर्ड मिळाला. पहिल्या काही महिन्यांत इंजेक्शन, आयव्ही, कॅथेटर यांत हात बसतो, कारण ती कामं रोज होतात आणि कुणीतरी शिकवतं. बेडसोरचं, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं दाबाखाली होणाऱ्या जखमेचं, तसं नाही. पाठ बघायला कुणी सांगत नाही आणि जखम दिसली की सगळे विचारतात, “सिस्टर, हे कधी झालं?” बहुतेक नव्या मुली आणि ब्रदर तिथे गांगरतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

बेडसोरला आता पुस्तकात ‘प्रेशर इंज्युरी’ म्हणतात. अमेरिकेतल्या सल्लागार मंडळानं २०१६ साली हे नाव घेतलं, कारण पहिल्या स्टेजला कातडी फाटलेलीच नसते, मग त्याला ‘अल्सर’ कसं म्हणायचं? वॉर्डात आपण बेडसोरच म्हणतो, इथेही तेच म्हणू.

ऑपरेशनच्या पेशंटचं गणित मेडिसिनच्या पेशंटपेक्षा वेगळं असतं. तो भूल घेऊन टेबलावर तासन् तास एकाच स्थितीत पडलेला असतो. दुखत असूनही त्याला सांगता येत नाही आणि हलताही येत नाही. त्यात बीपी खाली गेलं तर दाबाखालच्या मांसाला रक्त आणखी कमी मिळतं. वॉर्डात आल्यावर टाके दुखतात, म्हणून तो स्वतःहून कूस बदलत नाही. म्हणजे बेडसोरची सुरुवात पुष्कळदा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, झालेली असते आणि तो दिसतो मात्र तुमच्या ड्युटीत.

## जवळ काय हवं

मोठी यादी नाही. खिशात छोटी टॉर्च. जखम मोजायला कागदाची पट्टी, जी एका पेशंटला वापरून टाकून द्यायची. ब्रेडन स्केलची, म्हणजे बेडसोरचा धोका गुणांत मोजायच्या तक्त्याची, झेरॉक्स, शक्यतो लॅमिनेट केलेली. ट्रॉलीवर हातमोजे, नॉर्मल सलाइन, स्टराइल गॉज, झिंक ऑक्साइडचं क्रीम, आणि मिळाली तर फोमची ड्रेसिंग. उशा मात्र भरपूर लागतात. हॉस्पिटलात उशांचा कायम दुष्काळ असतो, त्यामुळे नातेवाइकांना घरची गोधडी घडी करून आणायला सांगा. धुतलेली असावी, एवढीच अट.

कागदपत्रांत चार गोष्टी लागतात: केसपेपर, नर्सेस नोट, कूस बदलल्याचा तक्ता आणि ओटीतून आलेला अॅनेस्थेशिया चार्ट. चौथा कागद बहुतेक जणी फाइलला लावून टाकतात, उघडून वाचत नाहीत. तो वाचायचा.

## १. आधी स्वतःचा अंदाज घ्या

वॉर्डात दोन प्रकारच्या सिस्टर भेटतात. एकीला वाटतं, आपल्याला सगळं येतं. तिनं महिनाभरात एकाही पेशंटची टाच उचलून पाहिलेली नसते. दुसरी सगळं नीट बघते, तिला जाणवतंही की हा डाग बरोबर नाही, पण राउंडला सरांसमोर तोंड उघडत नाही. पेशंटचं नुकसान दोघींच्याही हातून होतं. पहिलीला माहिती कमी पडते, दुसरीला भरवसा. तुम्ही कुठे आहात ते आधी ओळखा.

एका कागदावर हे प्रश्न लिहा आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्या. सावळ्या कातडीवर पहिली स्टेज मला ओळखता येते का? स्टेज २ आणि लघवीनं झालेली सालपटं यांतला फरक सांगता येतो का? हिप फ्रॅक्चरच्या पेशंटला मी न घाबरता वळवू शकते का? जखमेचं माप घेऊन लिहू शकते का? डॉक्टरांना रात्री फोन करून दोन वाक्यांत सांगू शकते का? जिथे पाचच्या खाली गुण पडले, तेवढंच आधी शिकायला घ्या.

शिकायचं कसं? अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमल्यानं, दुसऱ्याला करताना पाहिल्यानं, भरवशाच्या माणसानं धीर दिल्यानं, आणि त्या वेळी आपलं शरीर-मन कितपत शांत आहे यावरून. यातली पहिली वाट सगळ्यात पक्की. म्हणून इन्चार्ज सिस्टरांना गळ घाला: एकाच पेशंटची पाठ दोघींनी बघायची, दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर स्टेज लिहायची, मग चिठ्ठ्या उघडायच्या. जिथे उत्तर जुळत नाही, तिथे शिकायला मिळतं. लेक्चरपेक्षा हे फार लवकर अंगवळणी पडतं. नाइट करून थकलेल्या अवस्थेत मात्र हा प्रयोग नको, दुपारची ड्युटी बरी.

## २. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच पाठ बघून ठेवा

अॅडमिशनच्या वेळी डोक्यापासून टाचेपर्यंत कातडी बघा आणि जे दिसेल ते तारीख-वेळ घालून लिहा. काहीच नसेल तर ‘त्वचा अखंड’ हेही लिहा. नंदुरबारच्या डोंगराकडून किंवा बऱ्हाणपूरच्या बाजूनं येणारे कित्येक पेशंट मांडीचं हाड मोडून दोन-चार दिवस घरी, मग लहान दवाखान्यात, असं पडून-पडून आपल्याकडे पोहोचतात. सेक्रमवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर, डाग घेऊनच ते येतात. तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलं नाही, तर तो तुमच्या वॉर्डात झाला असं धरलं जातं. एनएबीएचची (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या हॉस्पिटलांत अॅडमिशननंतर झालेला बेडसोर हा मोजला जाणारा निर्देशांक आहे, तेव्हा हा कागद पुढे कुणीतरी उघडतंच.

इथे एक खास खान्देशी मेख आहे. आपल्याकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट बरेच आहेत. सिकलसेलमध्ये घोट्याजवळ जुनाट जखमा होतात, त्या दाबानं झालेल्या नसतात. घोट्यावर जखम दिसली की लगेच बेडसोर लिहून मोकळं होऊ नका. किती दिवसांची आहे, आधी भरून पुन्हा झाली होती का, घरात कुणाला सिकलसेल आहे का, ते विचारा. मधुमेह्याच्या तळपायाची जखमही अशीच वेगळी.

## ३. ओटीतून पेशंट घेताना हे विचाराच

ओटीचा ब्रदर घाईत असतो, स्ट्रेचर ढकलून परत जायच्या बेतात असतो. त्याला थांबवा आणि विचारा:

- टेबलावर किती वेळ होता? तीन तासांच्या पुढे गेलं की धोका वाढलेला समजायचं.
- कोणत्या पोझिशनमध्ये? उताणा असेल तर डोक्याची मागची बाजू, खांद्याची हाडं, कोपरं, सेक्रम आणि टाचा बघा. मणक्याच्या ऑपरेशनला पालथा होता, तर कपाळ, हनुवटी, छाती, कंबरेची पुढची हाडं, गुडघे, पायाची बोटं. किडनीसाठी कुशीवर होता, तर खालच्या बाजूचा कान, खांदा, खुबा आणि बाहेरचा घोटा. लिथोटॉमीत (उताणं, दोन्ही पाय वर करून टेकवलेले) सेक्रम आणि पाय जिथे टेकले होते ती जागा.
- बीपी मध्येच पडलं होतं का? बीपी टिकवायचं औषध चालू करावं लागलं का?
- एपिड्युरल (पाठीत घातलेल्या नळीतून वेदना थांबवायचं औषध) चालू आहे का? असेल तर पेशंटला टाच जळतेय हे कळणारच नाही. तो सांगेल याची वाट बघायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे वॉर्डात भांडणं होतात. खोल दाबाची इजा आतल्या मांसापासून सुरू होते आणि वर दिसायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. सोमवारी ऑपरेशन झालं, मंगळवारी पाठ स्वच्छ होती, आणि बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी नितंबाच्या मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना जांभळट, पिकलेल्या जांभळासारखा डाग. कातडी शाबूत. बोट लावलं तर आजूबाजूपेक्षा जरा गरम किंवा गार, आणि खाली मऊ-दलदलीत किंवा उलट घट्ट लागतं. मग नाइटच्या सिस्टरवर खापर फुटतं. डाग आदल्या रात्रीचा असेलच असं नाही. दिवस मोजत मागे गेलात तर तो थेट टेबलापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून मोठ्या ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस प्रत्येक ड्युटीत पाठ आणि टाचा बघायच्याच, पेशंट कितीही छान बोलत-चालत असला तरी.

असा डाग पुष्कळदा ‘कॉटरी बर्न’, म्हणजे ऑपरेशनमधल्या विजेच्या यंत्राचा चटका, म्हणून खपवला जातो. कॉटरीचा चटका ऑपरेशन संपल्या-संपल्या दिसतो, बहुधा प्लेट लावलेल्या जागी. पाठीखाली बीटाडीन साचून झालेली जळजळही लवकर दिसते आणि तिच्या कडा ओघळ गेल्यासारख्या वेड्यावाकड्या असतात. हाडाच्या बरोबर वर, दोन-तीन दिवसांनी उमटलेला जांभळा डाग म्हणजे दाबाचीच इजा समजून पुढची पावलं उचला.

## ४. स्टेज ओळखायला शिका, अंदाजानं लिहू नका

स्टेज १: कातडी अखंड, पण लाली. बोटानं दाबून सोडल्यावर साधी लाली क्षणभर पांढरी पडते. ही पडत नाही.

स्टेज २: वरचा थर गेलेला, तळ गुलाबी-लाल आणि ओलसर, किंवा पाण्याचा फोड. यात पिवळी घाण नसते. दिसली तर ती स्टेज २ नव्हेच.

स्टेज ३: खड्डा, चरबी दिसते.

स्टेज ४: स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) किंवा हाड दिसतं, नाहीतर हाताला लागतं.

स्टेज सांगता न येणारी: तळ पिवळ्या स्लफनं (मेलेल्या मांसाच्या थरानं) किंवा काळ्या खपलीनं झाकलेला. खाली किती खोल आहे ते दिसतच नाही, तर स्टेज लिहायची कशी? ‘अनस्टेजेबल’ लिहा, त्यात कमीपणा नाही.

खोल दाबाची इजा: वर सांगितलेला जांभळा डाग किंवा रक्ताचा फोड.

पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडे शेतात राबलेली, उन्हात रापलेली पाठ असते, तिथे लाली दिसायची कुठून? अशा वेळी हात वापरा. बोटांच्या मागच्या बाजूनं डागाची आणि शेजारच्या जागेची ऊब ताडून बघा. कातडी ताणलेली, चकाकणारी, घट्ट लागते का बघा. टॉर्च सरळ न मारता बाजूनं मारा. आणि विचारा. आजी गाव-खेड्यातली असेल तर अहिराणीत विचारलेलं बरं: “कोठे दुखी ऱ्हायनं, माय? टाचमा आग व्हई ऱ्हायनी का?” शुद्ध मराठीत विचारलं की हमखास “नाही बाई, बरं आहे” असं उत्तर येतं. पावरी किंवा भिली बोलणारा पेशंट असेल तर नातेवाइकाला मध्ये घ्या. दुखणं हे पहिल्या स्टेजचं कातडीआधीचं लक्षण असू शकतं.

दोन घोटाळे नेहमीचे. लघवी-संडासानं सोललेली कातडी हाडावरच असेल असं नाही; ती पसरट असते, कडा पुसट असतात, घडीत आणि मांड्यांत जाते. तिचा उपाय वेगळा, स्वच्छता आणि झिंकचं क्रीम. दुसरा घोटाळा भरत आलेल्या जखमेचा. स्टेज ४ भरत आली की ती स्टेज ३ होत नाही, ‘भरत असलेली स्टेज ४’ असंच लिहायचं.

नळ्यांखालची कातडीही या कामात धरा: रायल्स ट्यूबची (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीची) नाकपुडी, ऑक्सिजनच्या दोरीचा कान, कॅथेटरखालची मांडी, थॉमस स्प्लिंटच्या कड्याखालची जांघ, स्किन ट्रॅक्शनच्या (वजन लावून पाय ताणून ठेवायच्या) पट्टीखालचा घोटा, प्लास्टरची कड. प्लास्टरमधला पेशंट “आत टोचतंय” म्हणाला, तर ते तक्रारखोर स्वभाव म्हणून सोडू नका.

## ५. ब्रेडन स्केल भरताना

बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांचं हे स्केल १९८७ साली प्रसिद्ध झालं. सहा मुद्दे: जाणीव, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, खाणं, आणि घर्षण-ओढ. एकूण ६ ते २३. गुण जितके कमी तितका धोका जास्त; १८ किंवा खाली आलं की पेशंट धोक्यात, १२ किंवा खाली आलं की फारच.

सापळा एकच, कालचा आकडा आज उतरवणं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी २१ असलेला धडधाकट माणूस स्पायनल भूल घेऊन आल्यावर १४ वर असतो. ऑपरेशननंतर नव्यानं भरा. ओलाव्याच्या रकान्यात आपल्याकडचा मे महिना विसरू नका. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा रबरी मॅकिंटॉशवर झोपलेल्या माणसाची पाठ लघवी न होताही भिजलेली असते. मॅकिंटॉश गरजेपुरतंच ठेवा आणि त्यावर सुती ड्रॉशीट, म्हणजे कंबरेखालची आडवी चादर, हवीच.

## ६. कूस बदलणं

दर दोन तासांनी, हे आपण पाठ केलेलं असतं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अंतर पेशंटची कातडी, हालचाल आणि गादी बघून ठरवायचं. नव्यांनी दोन तासांपासून सुरू करावं. वळवल्यावरही लाली जात नसेल तर अंतर कमी करा.

करायचं कसं ते नीट समजून घ्या:

१. आधी वेदनाशामक. औषधाची वेळ आणि वळवायची वेळ जुळवून घ्या. कळवळणाऱ्या पेशंटला वळवलं की पुढच्या वेळी तो हातच लावू देत नाही.

२. दोघी लागतात, नाहीतर एक तुम्ही आणि एक मावशी किंवा नातेवाईक. ड्रॉशीट धरून उचलायचं, ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते आणि हाड आत सरकतं. तिथेच इजा होते.

३. पूर्ण ९० अंशात कुशीवर नको, त्यानं खुब्याचं हाड सगळा भार घेतं. ३० अंश पुरे. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी. मग पाठीखाली हात घालून सेक्रम खरोखर सुटलं का ते चाचपा.

४. डोक्याकडची बाजू ३० अंशांपर्यंतच, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. त्याहून वर केली की पेशंट घसरत खाली येतो. जेवणासाठी उठवावं लागलं तर आधी गुडघ्याकडची बाजू थोडी वर करा, आणि जेवण झालं की परत खाली.

५. टाचा हवेत. उशी पोटरीखाली लांबीनं ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, टाच आणि गादीच्या मध्ये तुमचा हात सहज सरकला पाहिजे.

ऑपरेशनप्रमाणे बंधनं असतात. हिपच्या पेशंटला पायांमध्ये उशी ठेवूनच वळवायचं आणि कोणत्या कुशीवर चालेल हे सर्जनकडून लिहून घ्यायचं. मणक्याच्या पेशंटला लाकडाच्या ओंडक्यागत एकसंध वळवा, त्याला तीन माणसं हवीत. ट्रॅक्शनवर वळवता येत नसेल तर थोडंसं उचलून भार हलवणं, एवढं तरी दर तासाला करता येतं. ‘हलवायचं नाही’ असं सर म्हणाले, तर नेमकं काय हलवायचं नाही ते विचारा. पुष्कळदा त्यांचा अर्थ फक्त पाय असतो आणि वॉर्डात तो अख्ख्या पेशंटला लागू केला जातो.

वॉर्डभर पेशंट आणि रात्री सिस्टर एकच, हे मला माहीत आहे. अशा वेळी सगळ्यांना सारखं वाटून द्यायला जाऊ नका. ब्रेडन १२ किंवा खाली असलेले पेशंट नर्सिंग स्टेशनजवळच्या कॉटवर घ्या आणि त्यांची फेरी चुकवू नका. बाकीच्यांपैकी ज्यांना समजतं, त्यांना स्वतः वळायला आणि हातावर जोर देऊन कंबर उचलायला शिकवा.

## ७. एअरबेडवर भिस्त ठेवू नका

एअरबेड आला म्हणजे कूस बदलायची नाही, हा समज नातेवाइकांपेक्षा स्टाफमध्येच जास्त. कप्प्यांत हवा आलटून-पालटून भरते, एवढंच तो करतो. गादीखालून तळहात घालून बघा. पेशंटचं हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. वर चादरींचे थर घालू नका, एक सैल चादर बास. टाचा तरीही उशीवरच. लोडशेडिंगच्या गावात असाल तर लाइट गेल्यावर काही वेळानं गादी सपाट होते आणि पेशंट कॉटच्या पत्र्यावर येतो, म्हणून लाइट गेली की फेरी मारायची ती या कॉटपासून.

रबरी रिंग, पाणी भरलेले ग्लोव्हज टाचेखाली, लाल जागेवर चोळून मालिश, स्पिरिट आणि पावडर. हे सगळं जुन्या बॅक केअरमध्ये होतं, आता नको. रिंग कडेनं दाब देते, मालिशनं आतली नाजूक झालेली रक्तवाहिनी फाटते, स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. सिनियर सिस्टरांना हे तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही हे खरं. “ताई, आपण टाच नुसती उचलून ठेवून बघूया का?” असं म्हणा आणि करून दाखवा.

## ८. जखम झालीच तर

आधी दाब काढा. त्या बाजूवर झोपवायचं बंद. हे केलं नाही तर कुठलंही महागडं ड्रेसिंग फुकट जातं.

मग मोजा: डोक्याकडून पायाकडे लांबी, आडवी रुंदी, आणि स्टराइल स्वॅब घालून खोली. आत भुयार असेल तर घड्याळाच्या आकड्यांत लिहा, पेशंटचं डोकं म्हणजे १२: ‘३ वाजता २ सेंमी’. दर आठवड्याला त्याच पद्धतीनं पुन्हा.

धुवायला नॉर्मल सलाइन. लालसर, दाणेदार, भरत आलेल्या जखमेवर बीटाडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका. नवी पेशीही मरते. तळ ओलसर राहिला पाहिजे, आजूबाजूची कातडी कोरडी. पाणी जास्त येत असेल तर शोषणारं फोम किंवा अल्जिनेट, कोरड्या स्लफला हायड्रोजेल. काळी खपली काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. टाचेवरची कोरडी, घट्ट, न दुखणारी खपली शक्यतो तशीच राहू देतात. वास, कडेला पसरणारी लाली, पू, ताप, मधुमेह्याची अचानक वाढलेली शुगर, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

हळद, तूप, राख, टूथपेस्ट लावून आलेली जखम दिसेल. नातेवाइकांवर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते लपवतात.

## ९. खाणं

जखम भरायला प्रथिनं लागतात. धोक्यातल्या पेशंटला रोज किलोमागे साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६२ ते ७५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डब्यात मात्र येतं काय? पेज, बिस्किटं आणि केळी. केळी आपल्या घरची, रावेर-यावलची, कौतुकच आहे. पण एका केळ्यात प्रथिनं जेमतेम ग्रॅमभर. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. खायला परवानगी मिळाली की उडीद घातलेली कळण्याची भाकरी, घट्ट वरण, दूध-दही, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल त्याला अंडी. सर्जन ‘सॉफ्ट डाएट’ लिहितात तेव्हा भाकरी वरणात कुस्करून चालते का ते विचारून घ्या. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनचे रिपोर्ट फाइलमध्ये असतील तर तेही बघा.

## १०. बोलायचं आणि लिहायचं

राउंडला “सर, पेशंटला बेडसोर झालाय” एवढंच म्हटलं तर उत्तर येतं “ड्रेसिंग करा”. त्याऐवजी असं:

“सर, कॉट सातचे बाबा, हिपच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. सेक्रमवर ४ बाय ३ सेंमी जांभळा डाग, कातडी अखंड, आजूबाजूपेक्षा गरम. काल सकाळी नव्हता. ब्रेडन ११. उजव्या कुशीवर ३० अंश ठेवायला परवानगी हवी आणि एअरबेड हवा.”

काय आहे, कधीपासून, काय हवंय. शेवटचं वाक्य विसरू नका. मागितलं नाही तर मिळत नाही. हे आधी डायरीत लिहून मनात एकदा म्हणून घ्या, आवाज आपोआप सरळ येतो. ड्युटी संपताना ओव्हर देतानाही नुसतं “पाठ ठीक आहे” नको. येणाऱ्या सिस्टरला कॉटपाशी न्या आणि दोघींनी मिळून बघा.

नोटमध्ये ‘बॅक केअर दिली’ या तीन शब्दांना काही अर्थ नाही. वेळ, कोणत्या कुशीवर, कातडी कशी दिसली, काय केलं, कुणाला कळवलं, हे लिहा. न केलेली वेळ भरू नका. दुपारी एक ते तीन पेशंट एक्स-रेला होता तर तसंच लिहा.

## ११. घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्डवर जखमेची जागा, स्टेज, माप, ड्रेसिंग कशाचं आणि किती दिवसांनी, हे मराठीत लिहा. जो माणूस घरी ड्रेसिंग करणार आहे त्याच्याकडून जाण्याआधी तुमच्यासमोर एकदा करून घ्या. बहुधा ती सून किंवा मुलगी असते, आणि समजावलं जातं मात्र मुलाला. बाजेवर झोपणार की जमिनीवर, विचारा. सैल बाजेत कंबर खाली जाते आणि सेक्रमवर ओढ येते. सुंभ ताणून घ्यायला आणि वर जाड गादी टाकायला सांगा. गावच्या आशाताईंचा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर कार्डावर असू द्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाणाऱ्या पेशंटला पुढची तारीख देताना त्यांच्या बाजाराचा दिवस विचारून तीच द्या, त्या दिवशी खाली यायला गाडी मिळते.